छापाच्या चित्रातलं उलटं अक्षर

जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा आमच्या सांगलीच्या गल्लीत सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता, आणि परत आल्यावर सगळ्यात जास्त राग पण मलाच आलाय. दोन्ही लिहिते. माझी शाळा तिसरीपर्यंत. वहीची पानं पोस्टाने पाठवते, सूनबाई तिच्या ब्लॉगवर टाकेल. केतकी, ऱ्हस्व-दीर्घ तू बघ, पण मजकूर बदलायचा नाही. तुझ्या नवऱ्याचं नाव आलं तरी.

तिचा नवरा म्हणजे माझा मुलगा महेश. झिंडेलफिंगेनला मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर आहे. गाव इतकं स्वच्छ की मला पहिले दोन दिवस थुंकी गिळायची पण भीती वाटली. नात सई सात वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. "सई, जेवलीस का?" तर "जा, जा." मी म्हटलं, अगं कुठं जाऊ? जा म्हणजे हो, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

शनिवारी श्टुटगार्टला म्युझियम बघायला निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते, सगळ्या घराला मिळून दिवसाचं एकच तिकीट मिळतं, ते घ्या. बसने बोब्लिंगेन, पुढे एसबान, म्हणजे तिथली लोकल. खायला बरोबर न्या. तिथला ब्रेझेल नावाचा पाव दिसायला छान, पण वर मिठाचे खडे असतात, ते खरवडून टाका. मी धपाटे नेले होते, महेशच्या पहिलीतल्या डब्यात. झाकणावर त्याचं नाव मीच घातलेलं. हे गेल्यावर तेवीस वर्षं मी भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून छिन्नी-हातोडीने नावं घातली. लग्नाची ताटं, बारशाच्या वाट्या. मराठी घातली, इंग्रजी पण घातली. इंग्रजी वाचता येत नाही, पण अक्षरं चित्रासारखी पाठ आहेत. महेशचं इंजिनियरिंग त्याच छिन्नीवर झालं.

म्युझियममध्ये पिशव्या खाली कप्प्यात ठेवाव्या लागतात. एक युरोचं नाणं जवळ असू द्या, नंतर परत मिळतं. डबा खालीच राहिला.

वर एका खोलीत जुनी छापाची चित्रं होती, बघायला भिंगं ठेवलेली. एक चित्र कुणा इटलीच्या माणसाचं, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. मेरी दमून झाडाखाली बसलीय, मांडीवर बाळ झोपलंय, मागे म्हातारा जोसेफ आणि गाढव. तिथल्या पिकल्या केसांच्या बाईंनी सांगितलं, महेशने मराठीत केलं: तांब्याच्या पत्र्यावर मेण लावायचं, सुईने ओरखडायचं, मग ॲसिड ओतलं की रेघ खाल्ली जाते. त्यात शाई भरून कागदावर दाबायचं.

तांबं! मला कोण आनंद झाला! भिंग घेऊन मी चित्राच्या पार खालपर्यंत उतरले. तळाला बारीक अक्षरांची ओळ होती. तिच्यात तीन एन. दोन सरळ आणि एकाची मधली रेघ उलटी.

"हा इथं चुकला," मी म्हटलं. "पत्र्यावर उलटं लिहायचं ना, म्हणजे छापात सरळ येतं, तिसऱ्याला विसरला."

महेश म्हणाला, "आई, असं कसं असेल?" बाईंनी मात्र वाकून बघितलं. "गेनाऊ!" म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर, आणि हसत महेशला काहीतरी विचारलं. त्याने एका शब्दात उत्तर दिलं.

सई ओरडली, "पापा हाट हाउसफ्राऊ गेझाग्ट!"

पापा हाउसफ्राऊ म्हणाला, एवढं मला कळलं. हा शब्द माझ्या ओळखीचा. शेजारणीला माझी ओळख करून देतानाही त्याने हाच सांगितला होता. मला वाटलं, नमस्कारासारखं काही असेल.

"केतकी, म्हणजे काय गं?"

"अहो आई... घरकाम करणारी. घरीच असलेली."

माझं डोकंच फिरलं. "काय विचारलं होतं त्या बाईंनी?"

"तुम्ही काय काम करता, एवढं बारीक कसं दिसलं."

"महेश, मी घरी होते? तुझी दहावी घरी बसून झाली?"

"आई, हळू. इथं असं बोलत नाहीत."

"तू खरं बोल, मी हळू बोलते."

"अगं, तुझ्या कामाला जर्मनमध्ये शब्दच नाही."

"मग डबा आण."

कानाच्या पाळ्या लाल करून तो खाली गेला. लहानपणी मित्रांबरोबर माझ्या पायरीसमोरून जाताना अशाच लाल व्हायच्या, आणि तो पलीकडच्या फुटपाथवर जायचा. मी कधी हाक मारली नाही. त्याचाही राग मला आता आला, इतक्या वर्षांनी, आणि तो त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त.

डबा आला. बाईंनी झाकण भिंगाखाली धरलं, 'महेश' वर बोट फिरवलं. महेश खाली बघून जर्मनमध्ये सांगत होता. चांगला वेळ सांगत होता. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ग्राव्ह्यूरिन!"

"म्हणजे?"

"कोरणारी," महेश म्हणाला. "बाई असेल तर असं म्हणतात."

होता की शब्द! मोटारीतल्या एकेका स्क्रूचं जर्मन नाव याला येतं, आणि आईसाठी शब्द नाही. परतीच्या गाडीत मी त्याच्याशी बोलले नाही. धपाटे मात्र दिले. उपाशी कशाला ठेवू?

आता घरी येऊन महिना झाला. जर्मनी सुंदर आहे, नक्की जा, त्या मेरीचे दमलेले पाय बघा. राग गेला का विचाराल, तर नाही. परवा महेशचा फोन आला, ऑफिसात सगळ्यांना तुझं काम सांगितलं म्हणाला. मी म्हटलं, "बरं," आणि फोन सईला द्यायला लावला. तिच्याकडून ग्राव्ह्यूरिनचं एकेक अक्षर लिहून घेतलं. मग ट्रंकेतून छिन्नी काढली आणि माझ्या रोजच्या ताटावर तो शब्द घातला. मोठा आहे, काठ पुरेना. शेवटी एन येतो.

सरळ घातला.