खाकीपुढे ‘व्हय’

चौकीच्या पायरीवर माणूस आला की मी आधी त्याच्या पायांकडे बघते. बूट असतील तर तोंडातून ‘बसा’ निघतं, झिजलेली स्लिपर असेल तर ‘काय गं?’ पेणला नोकरीची सुरुवात केली तेव्हा एका जुन्या हवालदारांनी सांगितलं होतं, समोरचा खोटंच बोलतोय असं धरून चाल, फसणार नाहीस. मी तशीच चालत आले.

दोन वर्षांपूर्वी मी रोह्याजवळच्या एका चौकीत होते. शेजारच्या अष्टमी गावातल्या एका बंगल्यातून देवाची चांदीची भांडी गेली. सोमवारी सकाळी दहा ते बारा घरात कोणी नव्हतं. मालकीणबाई म्हणाल्या, “ती वाडीवरची चिंबोऱ्या विकायला येते ना, तीच. नजर चांगली नाही तिची.” मी त्यांना पंख्याखाली बसवलं, चहा मागवला आणि पुढे काहीच विचारलं नाही.

बुधवारी दुपारी तिला आणली, चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या टोपलीसकट. तिशीची असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवरच्या मजुरांना घेऊन ट्रक वीटभट्टीवर निघणार होता. ट्रक कुणासाठी थांबत नाही. नवरा-पोरं गेली असती, ही मागे राहिली असती. हे कळल्यावर माझा संशय वाढलाच. चोरायचं आणि भट्टीवर पसार व्हायचं!

मी उभ्यानेच सुरू केलं.

“बंगल्यात गेली होतीस?”

“व्हय.”

“सोमवारी?”

“व्हय.”

“भांडी तूच उचललीस?”

“व्हय.”

दहा मिनिटांत जबाब तयार. असला जबाब कोर्टात टिकत नाही, पण माणूस आत जायला पुरतो. साहेब म्हणाले, “तुमच्या आवाजातच दम आहे, बाई.”

मी अंगठ्यासाठी शाईचा पॅड शोधत होते. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या टपरीवाल्याने ओट्यावरच्या टोपलीचं झाकण उचललं. “दोन मोठ्या दे गो. नायतरी आत जाशील, मंग कोन खानार?”

“नाय! हात काड आदी. तुजी चाय वाटतोस का फुकट?”

एवढा खणखणीत ‘नाय’. म्हणजे हिला नाही म्हणता येत होतं. मलाच का म्हणत नव्हती?

मी तिच्यासमोर बसले. “परवा साहेबांची जीप नेली, तीही तूच ना?”

“व्हय.”

ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, “मॅडम, जीप दारात उभी हाय. हिच्याकडनं जप्त केली म्हणून लिवा.”

मला हसू आलं नाही. मी जबाब फाडला. “खोटं का बोललीस?”

ती खाली बघत म्हणाली, “आमची म्हातारी सांगायची, खाकीला नाय बोललं की मार. व्हय बोललं की लवकर सोडतात.”

मग मी होय-नाहीचे प्रश्न सोडले. “सोमवारी उठलीस, तिथपासून सांग.” अडखळत सांगू लागली. पाणी, पोराची आंघोळ, मग भट्टीवर न्यायला रेशनचा तांदूळ. दुकानात मशीनवर अंगठा दिला होता. मी दुकानदाराला फोन लावला. सोमवारची पावती, सकाळी अकरा. ते दुकान बंगल्यापासून पायी दोन तासांवर.

साहेबांना पटेना. “दुकानदार तिच्याच गावचा. सामील असेल.”

“मशीन कुणाच्या गावचं नसतं, सर.”

“तुमच्या जबाबदारीवर सोडा,” म्हणत त्यांनी हात झटकला. मी तिला म्हटलं, “जा.”

ती हलली नाही. “मी जायन, न मागनं तुमी बोलशाल, पलाली. माज्या दिराला असाच धरलान.”

असंच होतं, हे मला माहीत आहे. मी टोपी घातली आणि तिला कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत पोचवायला निघाले. ती टोपली डोक्यावर घेऊन चार पावलं पुढे चालत होती आणि सारखी मागे बघत होती.

पुलावर येताच थांबली. “आता तू हितंच रव.”

मी राहिले. ती सरळ चालत गेली, पळाली नाही. पलीकडे पोचेपर्यंत एकदाही धावली नाही. भांडी अजून मिळालेली नाहीत. साहेबांचा संशय तिच्यावरच आहे.