सर्व्हर बंद, टेस्ट पास

उपासना गजभिये अमेरिकेत आली ती स्वतःच्या व्हिसावर, नवऱ्याच्या नाही, आणि हे ती कुणी न विचारताही सांगायची. नागपूरला इंजिनीअर झाली, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि २००४ मध्ये न्यू जर्सीत पार्सिपनीला विम्याचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत लागली. काम टेस्ट ऑटोमेशनचं. म्हणजे सॉफ्टवेअर नीट चालतंय की नाही हे माणसाने बसून तपासायचं नाही, तपासणारा प्रोग्रॅमच लिहायचा. रोज सकाळी तो आपोआप चालायचा. पास झालेली टेस्ट हिरवी दिसायची, नापास झालेली लाल.

तिच्या आधीच्या लोकांनी अशा शेकडो टेस्ट लिहून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीत डेटाबेस सर्व्हरचा पत्ता, युजरचं नाव, पासवर्ड थेट कोडमध्येच कोंबला होता. सर्व्हर बदलला की उघडा शेकडो फायली. पहिल्याच महिन्यात उपासनाने मॅनेजरला सांगितलं, "देवदत्त, टेस्टने स्वतः डेटाबेस शोधत जाऊच नये. कुठला डेटाबेस वापरायचा ते आपण तिला बाहेरून द्यायचं. पत्ते सगळे एका सेटिंग्जच्या फाईलमध्ये ठेवू या. तुम्ही म्हणाल तर आजच सुरू करते."

देवदत्त पुण्याचा, तिच्याहून बराच मोठा. तो तिला अगं-तुगं करायचा, ती त्याला 'तुम्ही' म्हणायची. "आयडिया छान आहे," तो म्हणाला. "पण चालतंय ना यार सगळं? मग कशाला हात लावायचा?"

हेच उत्तर तिला पुढे दोन वर्षं मिळत राहिलं. ग्रीन कार्डचा अर्ज याच कंपनीमार्फत गेला होता, त्यामुळे ती फार ताणून धरत नसे. राग घरी भांड्यांवर निघायचा.

"काहून चिडली आता?" तिचा नवरा अनुप विचारायचा. तो जवळच्याच एका औषध कंपनीत केमिस्ट होता.

"तुला नाही कळणार," ती म्हणायची आणि मग भाजी करपेपर्यंत त्यालाच सांगत बसायची.

२००६ मध्ये कंपनीला एक मोठा क्लायंट मिळाला. त्याच्यासाठी वेगळा, नवा सर्व्हर आला. देवदत्त म्हणाला, "आहेत त्याच टेस्ट कॉपी कर. जुन्या सर्व्हरच्या नावाच्या जागी नवं नाव टाक. फाइंड-रिप्लेस, विषय संपला."

तिने दात ओठ खात ते केलं. दुसऱ्या दिवशी सगळं हिरवं. देवदत्तने अख्ख्या टीमला अभिनंदनाची ईमेल पाठवली.

काही आठवड्यांनी, एका मंगळवारी, मेमरी वाढवायची म्हणून नवा सर्व्हर सकाळीच बंद ठेवला होता. आज सगळं लालच असणार असं धरून उपासनाने रिपोर्ट उघडला. थोड्या टेस्ट लाल होत्या. बाकीच्या मात्र बंद पडलेल्या सर्व्हरवर खुशाल पास झाल्या होत्या.

तिने एक हिरवी टेस्ट उघडून पाहिली. तिच्यात सर्व्हरचं नाव नव्हतंच, आकड्यांमधला पत्ता होता, तोही जुन्या सर्व्हरचा. नाव शोधणाऱ्या फाइंड-रिप्लेसला तो सापडलाच नव्हता. दुसरी उघडली, तेच. तिसरी, तेच. इतके आठवडे नव्या सर्व्हरच्या नावाखाली जुनाच तपासला जात होता.

ती तशीच देवदत्तकडे गेली. "सर्व्हर बंद आहे आणि टेस्ट पास होताहेत."

"मग चांगलंच आहे की," तो हसून म्हणाला. तिने समजावून सांगितल्यावर त्याचं हसू गेलं. "हे कुणाला बोलू नकोस. रिलीज तोंडावर आहे. ते आकडे शोध आणि बदल."

"आणि पुढचा क्लायंट आला की?"

"पुढचं पुढे बघू."

या वेळी तिने ऐकलं नाही. अडचण एकच होती. टेस्ट चालवणारं टूल प्रत्येक टेस्टचा ऑब्जेक्ट, म्हणजे तिची चालवायची प्रत, स्वतः तयार करायचं आणि तयार करताना त्याला बाहेरून काही देण्याची सोयच नव्हती. बरेच दिवस ती त्या टूलशी झगडली. एकदा तर कीबोर्ड ढकलून पार्किंग लॉटमध्ये फेऱ्या मारून आली. शेवटी तिने मधे एक छोटा प्रोग्रॅम बसवला. टूलने ऑब्जेक्ट बनवला की टेस्ट सुरू व्हायच्या आत तो सेटिंग्जची फाईल वाचायचा आणि त्यात लिहिलेला डेटाबेस टेस्टच्या हवाली करायचा. मग टेस्टमधले पत्ते तिने एकेक करून काढून टाकले, फाईलमध्ये नव्या सर्व्हरचा पत्ता लिहिला आणि सगळ्या टेस्ट चालवल्या. स्क्रीनभर लाल.

देवदत्त धावत आला. "काय केलंस हे? काल सगळं ग्रीन होतं!"

"काल आपण दुसराच सर्व्हर तपासत होतो."

"रोलबॅक कर, होतं तसं करून ठेव. आत्ताच्या आत्ता."

"नाही करणार," उपासना म्हणाली. व्हिसा, ग्रीन कार्ड, सगळं डोळ्यांपुढून गेलं, पण शब्द तोंडातून निघून गेला होता.

शेजारच्या क्युबिकलमधली उल्का डेव्हलपर होती. तिने त्या लाल टेस्ट एकेक करून तपासल्या. चुका खऱ्या होत्या. लहान मुलांच्या नावावरचे क्लेम नवा सर्व्हर सरसकट नाकारत होता. रिलीज पुढे ढकलावं लागलं.

मोठ्या मीटिंगमध्ये देवदत्तने अमेरिकन डायरेक्टरला सांगितलं, "टेस्टिंगमधल्या एका बदलामुळे उशीर झाला." सगळ्यांच्या नजरा उपासनाकडे वळल्या.

"बदलामुळे उशीर नाही झाला," ती म्हणाली. "बदलामुळे चुका दिसल्या."

"ओके, थँक्स," म्हणून डायरेक्टर पुढच्या विषयाकडे वळला. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये तिच्या नावापुढे शेरा आला: टीमबरोबर जुळवून घ्यायला शिकावं.

पुढच्या वसंतात तिने नोकरी बदलली. ग्रीन कार्डसाठी आता पुन्हा नव्याने अर्ज करावा लागणार होता.

"पुन्हा पहिल्यापासून," अनुप म्हणाला.

"हो. पण तिथे बसून रोज खोटं हिरवं बघणं माझ्याच्याने होणार नाही."

अनुपने नव्या ऑफिसचा रस्ता नकाशात शोधून दिला.

काही महिन्यांनी उल्काचा फोन आला. जुन्या ऑफिसात आता सगळ्या टेस्ट उपासनाच्याच पद्धतीने चालत होत्या आणि देवदत्त क्लायंटला ती 'आमची पद्धत' म्हणून दाखवत होता. "तुला बरं वाटेल म्हणून सांगितलं," उल्का म्हणाली.

"मला नाही बरं वाटलं," उपासना म्हणाली. मग तिने विचारलं, "मुलांचे क्लेम होतात ना पास?"

"होतात."

"चल, ठेवते," ती म्हणाली. त्या संध्याकाळीही भांडी जरा जोरातच वाजली.