बगलूसाची भोकं

आमच्या घरात दाराजवळच्या खुंटीवर एक बगलूस टांगलेला असायचा. निजामी अमलात साहेबापुढं उभं राहायचं तर डोक्याला दस्तार, म्हणजे पगडी, आणि कमरेला बगलूस, म्हणजे पितळी बकलाचा रुंद चामडी पट्टा, बांधावाच लागे. आमचा बगलूस मूळचा माझ्या सासऱ्यांचा. ते तहसिलीत पेशकार होते. मिसली, म्हणजे अर्ज-खटल्यांचे कागद, साहेबापुढं उभ्यानं वाचून दाखवायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्यामागं काही वर्षांनी तीच जागा यांना मिळाली आणि तोच पट्टाही मिळाला. हे म्हणजे माझे यजमान. नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती आणि आता या वयात मी ती मोडणार नाही, तेव्हा पुढंही सगळीकडं 'हे'च आहे, चालवून घ्यावं.

मी चिंताकीची, शेतकऱ्याची लेक. नोकरदार नवरा मिळाला म्हणून माहेरी केवढं कौतुक झालं! सावलीतली नोकरी, उन्हातान्हात राबणं नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खोटं नाही.

लग्नाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी तहसिलीत नवे साहेब आले. शहरातले, अस्सल उर्दूचे. यांची उर्दू तालुक्याच्या शाळेत नि बाजारात शिकलेली. वाचताना एखादा शब्द घसरला की साहेब मेजावर हात आपटून म्हणायचे, "फिरसे पढो!" मग पुन्हा पहिल्या ओळीपासून. एकेक मिसल चार-चारदा. अर्जदार ऐकतायत, शिपाई ऐकतायत. हे मला फार उशिरा कळलं, कारण कचेरीतली गोष्ट घरात काढायची नाही असा यांचा बाणा. मला दिसायचं ते एवढंच, की सकाळी भाकरीचा तुकडा मोडतात, तोंडाशी नेतात नि ठेवून देतात. पोटात आग पडलीय म्हणायचे. बळेच खाल्लं तर उलटून पडायचं. झोपेतसुद्धा "फिरसे पढो, फिरसे पढो" असं काहीतरी बडबडायचे नि जमिनीवर हात आपटायचे.

आणि बगलूस सैल व्हायला लागला. पट्ट्याला सासऱ्यांच्या वेळची पाच भोकं होती. हे एकेक भोक आत सरकत चालले होते. एके दिवशी सासूबाईंनी पट्टा खुंटीवरून काढला, बकलाच्या वळावरून बोट फिरवलं नि शेवटच्या भोकाशी थांबवलं.

"ह्ये शेवटचं भोक मीच दाभणानं पाडून दिलतं," म्हणाल्या. "त्येच्यामागं चार म्हैनेबी न्हाई राहिले ते. ह्योबी थितंच आलाय की गं."

सासरे चाळिशीच्या आत रक्त ओकून गेले होते, एवढं मला ठाऊक होतं. त्यांचं वाळणं या पट्ट्यावर असं नोंदलेलं आहे हे ठाऊक नव्हतं. माझ्या मांडीवर सहा महिन्यांची लेक होती.

मग औषधं सुरू झाली. वैद्यांचं चूर्ण गुरुवारी संध्याकाळी दिलं. दुसऱ्या दिवशी यांनी अंबाडीच्या भाजीशी दोन भाकरी खाल्ल्या. वैद्य देवमाणूस ठरले. शनिवारी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पुढच्या आठवड्यात हकिमांचं माजून, म्हणजे औषधी चाटण, आणलं, ते सुरू केलं शुक्रवारी संध्याकाळी. शनिवारी सकाळी उलटी. हकीम भोंदू ठरले. सासूबाईंनी मीठमिरच्या ओवाळून टाकल्या, त्या नेमक्या गुरुवारी, त्यामुळं दृष्ट लागल्याचंही सिद्ध झालं! मला अक्षरं येत नव्हती, पण वार येत होते. कचेरीला सुट्टी असायची शुक्रवारची, जुम्म्याची. त्या दिवशी बगलूस खुंटीवर नि पोटदुखीही खुंटीवर.

मी सासूबाईंना घेऊन थेट त्या भोंदू हकिमांकडे गेले. म्हाताऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बेटी, बीमारी पेटमें नईं, पट्टेमें है," म्हणाले. "पट्टा सरकारका. उसकू मैं क्या दवा देऊँ?" तरी त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. दुपारी पट्टा सोडून लिंबाच्या सावलीत बसायचं नि निवांत ताकभात खायचा. कचेरी सुटल्यावर तळ्याकडून चालत घरी यायचं. आणि आत जे जळतंय ते कुणाजवळ तरी बोलायचं. यांनी दोन ऐकल्या. मी रोज मडक्यात ताक भरून द्यायला लागले. तिसरी गोष्ट काढली की, "बायकांना काय कळतंय त्येच्यातलं?"

हे ऐकून माझं टाळकं सणकलं. एका संध्याकाळी हे हातपाय धुवायला गेले होते. मी यांची दस्तार उचलून डोक्यावर ठेवली, पाटावर ताठ बसले, आणि हे आत येताच जमिनीवर हात आपटून ओरडले, "फिरसे पढो!"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. हे नुसते बघत राहिले.

"कामून असं करायलीस? दस्तार ठिव खाली."

"मिसल कुठाय? पढो!"

यांच्या तोंडून हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते थांबेचना. त्या संध्याकाळी यांनी मेजापासून शिपायांपर्यंत सगळं सांगितलं. मला रडू येत होतं, पण दस्तार घातलेली असल्यामुळं रडता येईना.

त्यानंतर रोज जेवणाआधी आमची कचेरी भरायची. आठवेल तेवढी मिसल हे उभ्यानं म्हणून दाखवायचे नि मी अडवायची. मला उर्दूतलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळं माझ्याइतका कडक साहेब अख्ख्या निजामीत दुसरा नसेल. पुढं हे सांगायचे, खरे साहेब ओरडले की डोळ्यांपुढं मी यायची, हसू गिळावं लागायचं, पण आवाज कापायचा नाही. दोन-तीन महिन्यांत बकल एक भोक मागं आलं, मग आणखी एक. सासूबाई रोज पट्टा चाचपून बघायच्या.

मग जिल्ह्याचे तालुकदार, म्हणजे आमच्या साहेबांचेही साहेब, दौऱ्यावर आले. त्या दिवशी हे घरी आले ते जेवेनात. मी विचारलं,

"का वो? फिरसे म्हणले का?"

"मला न्हाई. साहेबाला."

तालुकदारांपुढं आमचे साहेबही दस्तार-बगलूस बांधून उभे होते, कागद वाचत होते, आणि तालुकदारांनी मेजावर हात आपटला होता. मी म्हटलं, "बरी जिरली!" इतके महिने भाकऱ्या थापताना मी त्या माणसाला शिव्या घातल्या होत्या. मला खरंच आनंद झाला होता.

हे हसले नाहीत. "मी मान खाली घालून हुबा होतो," म्हणाले, "म्हणून नजर साहेबाच्या पट्ट्यावर गेली. चार भोकं नवी हायेत. वाकडीतिकडी. सोताच पाडल्यात वाटतं. बायकापोरं शहरातच हायेत त्येंची."

मला शिव्या आठवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी ताक घुसळलं ते नेहमीच्या दुप्पट, आणि यांच्यापुढं दोन मडकी ठेवली.

"ह्ये दुसरं कुणाला?" यांनी विचारलं.

"तुझ्या साहेबाला."

"अन् न्हाई घेतलं तर?"

"तर उद्या फिरसे ने," सासूबाई म्हणाल्या.