मोलीनच्या प्रुइटसाहेबांना उत्तर

माझा भाऊ अँटन व्रबा पवनचक्क्या दुरुस्त करायचा. नेब्रास्कातल्या आमच्या लिपा गावाच्या आसपास वीस मैलांत अशी एक पवनचक्की नसेल, जिच्यावर तो चढला नव्हता. चाळीस फुटांवर जाऊन चाकाला वंगण घालायचं आणि काम झालं तरी तिथंच मासिक उघडून बसायचं, ही त्याची खोड. खालून शेतकरी ओरडायचा, "अँटन, झालं का रे?" वरून उत्तर यायचं, "दोन पानं राहिलीत!"

मासिकाचं नाव 'ग्रहगाथा', सगळ्या गोष्टी परग्रहांवरच्या. मुखपृष्ठावर दर वेळी एक बाई किंचाळत असायची आणि दर वेळी नव्या रंगाचा राक्षस तिच्या मागे लागलेला असायचा. मी गावातल्या औषधांच्या दुकानात काउंटरवर होते आणि मासिकांची मांडणीही माझ्याकडेच होती. दर महिन्याच्या दहा तारखेला 'ग्रहगाथा'च्या तीन प्रती यायच्या. दोन तशाच परत जायच्या, तिसरी अँटनची.

तो मासिक मागच्या बाजूनं वाचायला घ्यायचा. शेवटच्या पानांवर अगदी बारीक अक्षरात वाचकांची पत्रं असत. कुठकुठले लोक तिथं गोष्टींना पहिला-दुसरा नंबर द्यायचे, चित्रकाराची कानउघाडणी करायचे, शास्त्रातल्या चुका उकरून काढायचे आणि त्याहूनही मन लावून एकमेकांशी भांडायचे. प्रत्येक पत्राखाली पूर्ण नाव आणि पत्ता छापलेला. म्हणजे ज्याला राग आला असेल, त्यानं शोधत फिरायला नको.

गावात अँटनशी या विषयावर बोलणारं कुणी नव्हतं. एकदा हॉलमध्ये नाच चालू असताना त्यानं मंगळावरच्या कालव्यांचा विषय काढला, तेव्हापासून लोक त्याला मंगळाचा जावई म्हणायला लागले. तोही हसायचा. पण मी त्याची मोठी बहीण. तो खरा हसतो कधी आणि नुसते दात दाखवतो कधी, ते मला कळतं.

भांडण सुरू झालं एका गोष्टीवरून. त्या गोष्टीत माणसं चंद्रावर वस्ती करतात आणि पवनचक्क्यांनी पाणी उपसतात. इलिनॉयमधल्या मोलीन गावच्या लायल प्रुइट नावाच्या वाचकानं पत्र लिहून तिला पहिला नंबर दिला. ते वाचून अँटन जेवणावरून उठला.

"चंद्रावर पवनचक्की! मिला, अगं तिथं हवाच नाही! फिरते कशानं ती? याच्या आजीच्या फुंकरीनं?"

"बस खाली. सूप निवतंय."

"दुसऱ्या कशावर बोलला असता तर सोडून दिलं असतं मी. पण पवनचक्की!"

त्यानं पत्र पाठवलं आणि ते छापून आलं. मग त्याला चटकच लागली. कुठलीही गोष्ट आवडली नाही की हा लिहिणार, 'मोलीनच्या प्रुइटसाहेबांना मात्र ही नक्की आवडेल.' अशी तीन पत्रं आली. प्रुइटकडून चकार शब्द नाही. त्यामुळे तर हा अधिकच पेटला आणि पुढचं पत्र त्यानं असं लिहिलं, 'चंद्रावर वारा नाही, पण प्रुइटसाहेबांच्या डोक्यात भरपूर आहे. पवनचक्की तिथं उभारावी, अख्ख्या इलिनॉयला पाणी पुरेल.' मला वाचून दाखवताना स्वतःच इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

पत्र टाकल्यापासून छापून येईपर्यंत दोन-अडीच महिने जात. आम्ही विसरूनही गेलो होतो. आणि मेच्या सुरुवातीला अँटनच्या नावानं एक पाकीट आलं. प्रुइटचंच.

'प्रिय श्री. व्रबा, तुमचा पत्ता मासिकात होताच. बारा तारखेला गाडीनं डेन्व्हरला चाललो आहे. वाटेत लिप्याला उतरून एक दिवस तुमच्याशी बोलायची फार इच्छा आहे. माझ्या ओळखीत ग्रहांवर बोलणारं दुसरं कुणी नाही.'

अँटननं ते चारदा वाचलं. पहिल्यांदा हरखला, दुसऱ्यांदा पांढरा पडला.

"मिला, ते पत्र! या दहा तारखेच्या अंकात येणार ते. तो वाचेल आणि मग कशाला उतरतोय इथं?"

"आधी विचार करायचा होतास."

"तेव्हा तो माणूस होता का? नुसतं छापलेलं नाव होतं ते!"

त्यानं संपादकांना तार केली, पत्र मागे घेतो म्हणून. चार दिवसांनी कार्ड आलं, 'अंक छापून झाला. तुमचं पत्र सगळ्यात वर घेतलं आहे. अभिनंदन.'

दहा तारखेला मी तिन्ही प्रती खोकल्याच्या औषधाच्या खोक्यामागे दडवल्या. त्यानं काय होणार होतं? ओमाहाच्या मोठ्या स्टेशनवर ढिगानं मासिकं मिळतात आणि प्रुइट तिथंच गाडी बदलणार होता. अँटननं दोन दिवस धड खाल्लं नाही. मला त्याचा रागही येत होता आणि कीवही. एकतीस वर्षांच्या या माणसाकडे उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी बोलायला येत होतं.

बाराला दुपारी आम्ही स्टेशनवर गेलो. गाडीतून एकच माणूस उतरला, काटकुळा, कोट ढगळा. हातात 'ग्रहगाथा'चा ताजा अंक, शेवटच्या पानांमध्ये बोट घातलेलं. अँटननं टोपी काढली.

"श्री. प्रुइट, मी... ते जे छापून आलंय..."

"तुम्ही व्रबा? हे अंक तुमच्याकडे किती आहेत? ओमाहात मला दोनच मिळाले."

"तीन," मी म्हटलं. "दडवून ठेवलेत."

"तिन्ही घेतो मी!"

अँटन माफी मागायला लागला, तर प्रुइटनं त्याला थांबवलं. "तुम्हाला उत्तर म्हणून मी अकरा पत्रं पाठवली. एकही छापलं नाही त्यांनी. माझं स्वतःचं पत्र आलं ते पहिलं आणि शेवटचं. पण माझं नाव छापून येत राहिलं, ते तुमच्यामुळे." मग तो जरा हळू बोलला. "आमचा नांगरांचा कारखाना बंद पडून वर्ष झालं. रस्त्यात भेटलं की लोक दुसरीकडे बघतात, न जाणो, हा काहीतरी मागेल. शिवी द्यायलासुद्धा कुणी थांबत नव्हतं हो. आणि दर महिन्याला नेब्रास्कातला एक माणूस माझ्यावर चिडून पान-पानभर लिहितोय! आईनं सगळी कात्रणं आरशाभोवती लावलीत."

अँटननं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग त्यानं प्रुइटची पेटी उचलली आणि आम्ही घरी आलो.

मी कोलाची केली होती, आलुबुखाराचा मुरांबा भरलेले आमच्याकडचे गोड पाव. प्रुइटनं सात खाल्ली. खाता खाता दोघं चंद्रावरून भांडले, शनीवरून भांडले आणि एका राक्षसाला किती पाय असावेत यावरून इतके भांडले की शेजारीण कुंपणापाशी येऊन उभी राहिली. असा खरा हसताना मी अँटनला लहानपणापासून पाहिलं नव्हतं.

चार वाजता प्रुइटनं खिशातून कागद काढला. "पुढच्या अंकासाठी आत्ताच लिहा. मोलीनच्या जागी डेन्व्हर घाला, मी आता तिथंच काम शोधणार. आईला मी कुठं आहे ते मासिकातूनच कळेल. आणि जरा झणझणीत होऊ द्या."

"आता कसं लिहू? आता तर तू माझा..." अँटन अडखळला.

"म्हणूनच सांगतोय, लिही."

अँटननं दौत उघडली, टाक बुडवला. 'डेन्व्हरच्या प्रुइटसाहेबांना,' एवढं लिहिलं आणि अडला. ज्याला वाईटसाईट बोलायला कधी शब्द शोधावा लागला नव्हता, तो अर्धा तास कागदाकडे बघत बसला. प्रुइटनं स्वतःच दोन-तीन शिव्या सुचवल्या. अँटन प्रत्येकीला मान हलवायचा, "छे, हे खरं नाही."

शेवटी मी हात पुसले आणि त्याच्या हातातून टाक काढून घेतला. ते मासिक मी उभ्या जन्मात वाचलेलं नव्हतं, पण त्या माणसाच्या आईला कात्रण हवं होतं.