चेंडूला हात लावायचा नाही

"तिच्या हातून घेऊ नकोस. तिला खाली ठेवू दे."

वकीलसाहेब हे मुकादमाला म्हणाले. माझ्याकडे न बघता. मी नाल्यात गुडघाभर पाण्यात उभी होते. लुगडं भिजलेलं, पोटऱ्यांत कुसळं घुसलेली. माझ्या उजव्या हातात त्यांचा पांढरा चेंडू होता. तो वाहून चालला होता, मी धरला. वाहून गेला असता तर त्याबद्दलही बोलणी मीच खाल्ली असती.

मुकादम काठावरून ओरडला, "ठेव त्या दगडावर. अन् मांगं सर."

मग एका गड्याला बादली आणायला पिटाळलं. चेंडू धुवायला. वाहत्या पाण्यातून मी तो नुकताच काढला होता, आणि तो धुवायला बादलीतलं पाणी यायचं होतं.

एवढंच झालं. कोणी मला मारलं नाही. कोणी शिवी दिली नाही. ज्यांना रक्त सांडलेली गोष्ट हवी असेल त्यांच्यासाठी ही नाही.

आम्ही रिद्धपूरकडच्या एका खेड्यातले. छप्पन साली आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. गावानं आम्हाला सोडलं. मजुरी बंद, वाट बंद, दुकानदार मीठ देईना. नवरा परतवाड्याला लाकडाच्या डेपोत हमालीला लागला. तिथं त्याला कळलं की वर मेळघाटात साहेब लोकांच्या क्लबाला कामाच्या बाया पाहिजेत. कामासोबत राहायला टिनाची खोली. त्याच दिवशी आम्ही दोन्ही पोरं घेऊन रिकाम्या ट्रकमधून घाट चढलो. काम गेलं तर खोली जाणार, आणि खोली गेली तर पुन्हा ते गाव, तीच ढोरं. हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

काम म्हणजे गोल्फचे चेंडू शोधायचे.

इंग्रज गेले तरी त्यांचं मैदान राहिलं होतं. साग आणि बांबू तोडून मध्ये हिरवे पट्टे काढलेले. एका टोकाहून काठीनं चेंडू मारायचा, दुसऱ्या टोकाला तेल घालून दाबलेल्या वाळूत खळगी, तिच्यात तो नेऊन घालायचा. दिवाळीनंतर अमरावती-अकोल्याहून मोटारी यायच्या. वकील, डॉक्टर, जिनिंगवाले, सरकारी अंमलदार. इथं खेळणं फार कठीण, असं ते एकमेकांना कौतुकानं सांगत. एका ठिकाणी तर नाल्याच्या दरीवरून चेंडू पलीकडे मारावा लागे. नेम चुकला की तो टणटणीच्या जाळ्यात, बांबूत, नाहीतर पाण्यात. विलायती चेंडू तेव्हा सहज मिळत नव्हते, म्हणून दरीत आम्ही बाया उभ्या. वरून चेंडू यायचे. साहेब इंग्रजीत ओरडले की आम्ही डोकं धरून खाली बसायचो. एका बाईचे पुढचे दात असेच गेले. वानरं चेंडू पळवायची, फळ समजून चावायची, मग झाडावरून फेकून द्यायची. सकाळी झुडपात शिरायचं तर आधी काठी आपटायची, अस्वल असलं तर उठून जावं म्हणून.

त्यांना ते कठीण वाटायचं. ते खेळत होते.

पहिल्या दिवशी मुकादमानं जात विचारली. मी म्हटलं, बौद्ध. तो म्हणाला, "म्हंजे तेच." मग कामाची रीत सांगितली. चेंडू दिसला की बाजूला उभं राहायचं, लाल फडकं बांधलेली बांबूची काठी वर धरायची, साहेब येईपर्यंत हलायचं नाही. "अन् चेंडूले हात लावाचा नाही. खेळाचा कायदा हाय तो."

मी विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, मला बरं वाटलं. मी पाहत होते ना, साहेब स्वतःही पडलेल्या चेंडूला हात लावत नव्हते. चिखलात पडला तर चिखलातून मारायचे, मुळाखाली गेला तर वाकून वाकून मारायचे. मला वाटलं, जन्मात पहिल्यांदा अशी जागा भेटली की जिथं शिवायचं नाही हे सगळ्यांनाच लागू आहे. नवऱ्याला मी तसं सांगितलंही. नव्या बाया आल्या की मीच त्यांना तो कायदा शिकवायची.

आमच्यात सोमती नावाची कोरकू बाई होती, तिथल्याच पाड्यातली. ती चेंडू सरळ उचलायची, पदराला पुसायची आणि साहेबाच्या हातात द्यायची. साहेब घ्यायचे.

मी तिला म्हटलं, "कायद्यात बसत नाही ते."

ती हसली. "मले कोनी काई म्हनत नाही बाई. तुलेच म्हनते. वानरं चावते तो चेंडू, तो तरी कुठं धुते हे?"

मला वाटलं, जंगलातली बाई, तिला खेळातलं काय कळतं. मीच तिला दोनदा टोकलं.

तर तो दिवस. दुसरा हंगाम. क्लबात सामना होता, मोटारींची रांग लागलेली. उशिरा पाऊस झाल्यामुळे नाल्याला पाणी होतं. वकीलसाहेब आणि एक तरुण इंजिनिअर जोडीनं खेळत होते. वकीलसाहेबांचा चेंडू दरी पार करू शकला नाही, पाण्यात पडला आणि वाहायला लागला. मी काठी टाकली आणि पाण्यात उतरले. कायदा मोडतोय हे मला माहीत होतं. चेंडू वाचवला म्हणून माफ करतील असं वाटलं.

त्यांनी बादली मागवली तेव्हाही मी हाच हिशेब करत होते, की हाही खेळाचाच काही भाग असेल.

तो इंजिनिअर म्हणाला, "अहो, कोणी उचलला तरी खेळात काही बाध येत नाही. तिथंच जवळपास ठेवायचा आणि पुढं मारायचा. नियम तसा आहे."

वकीलसाहेब म्हणाले, "नियमाचा प्रश्न नाही हो."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ वाईट बोलणी ऐकली. गावात तर सकाळ-संध्याकाळ. पण या चार शब्दांइतकं स्वच्छ मला कोणी काही सांगितलं नव्हतं. सोमतीनं सांगितलेलं मी हसण्यावारी नेलं. हे ऐकून घ्यावंच लागलं. नियमाचा प्रश्न नव्हता. तो नियम माझ्यासाठी काढलेला होता. मी तो दोन हंगाम पाळला, इतरांना पढवला, आणि वर त्याचा अभिमान बाळगला.

मला तेव्हा राग आला असं लिहायला चांगलं वाटलं असतं. राग नंतर आला. तेव्हा मी थकले. एकदम, अंगातलं बळ कोणी काढून घ्यावं तशी. गाव सोडलं, घाट चढलो, जंगलात येऊन राहिलो, आणि इथं आमच्या आधी तेच येऊन बसलेलं.

"ठेव ना वं," मुकादम ओरडला.

मी हात पुढं केला. तळवा उघडा, त्यावर चेंडू. म्हटलं, "धुवाचा असन तं धुवा. पन माह्या हातूनच घ्या लागन."

"पागल झाली काय वं तू?"

मी हात तसाच ठेवला.

मुकादमानं सोमतीला खूण केली. ती पाण्यात उतरली, माझ्याजवळ आली. "दे मापाशी. मी देतो. पाय थंडे पडून राह्यले."

तिच्या हातात दिला असता तर सगळं मिटलं असतं. ती नेऊन देणार, वकीलसाहेब घेणार, सामना पुढं जाणार. मी मूठ बंद केली. "तुह्यापाशी नाही, सोमती. तुह्यावर राग नाही माहा. तू बाजूले राय."

ती बाजूला झाली, पण वर गेली नाही. माझ्याशेजारी पाण्यातच उभी राहिली, मुकादमाकडे बघत.

इंजिनिअर एक पाऊल पुढं आला. मी पाहिलं. हात लांब केला असता तर चेंडूपर्यंत पोचला असता. मग त्यानं वकीलसाहेबांकडे पाहिलं, आणि बुटाचा चिखल दगडावर घासायला लागला. वकीलसाहेबांवरचा माझा राग काही वर्षांत विझला. ते जे होते ते उघड होते. त्या इंजिनिअरचा बूट मला अजून दिसतो.

मागची जोडी वरून हाका मारायला लागली. शेवटी वकीलसाहेबांनी पिशवीतून नवा चेंडू काढला, खाली टाकला आणि मारला. जाता जाता मुकादमाला म्हणाले, "ही उद्या इथं दिसता कामा नये."

ते गेल्यावर मी तो चेंडू दगडावर ठेवला. आता ठेवला, कारण आता कोणी सांगत नव्हतं.

दिवस मावळायच्या आत मुकादम खोलीवर आला. दारातच उकिडवा बसला. तो दुष्ट नव्हता. त्यालाही लेकरं होती. म्हणाला, "मी बी नोकरच हाओ बाई. सकाळी साहेबापुढं एक खेप चुकलं म्हन, मी ठेवून घेतो. तोंडानं म्हन, मनात नोको म्हनू."

तो उठून गेल्यावर नवरा म्हणाला, "म्हनून टाक ना वं. जिबीले काय काटा टोचते?"

मी म्हटलं, "गावातून निंगालो तवा तुमीच म्हने, आता मांगं नाही सराचं."

तो म्हणाला, "तवा पुढं रस्ता दिसत होता."

तो खोटं बोलत नव्हता. लहानगं पोर मातीत खेळत होतं, चुलीवर भाकर होती, आणि उद्या सकाळपासून आम्हाला कुठंच जायला जागा नव्हती. मी भाकरी उतरवल्या. मग भांडी गोणपाटात बांधायला घेतली. नवऱ्यानं उठून गाठ मारली, कारण माझी गाठ नेहमी सुटायची.

गावाकडे वळलो नाही. माझी एक मावसबहीण अकोल्याला राहायची, तिच्या ओसरीवर हिवाळा काढला. मी जिनिंगात लागले, दिवसभर रुईची धूळ छातीत जायची. मोठ्या पोराचं शाळेचं वर्ष बुडालं. नवरा पुष्कळ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. माझ्या त्या हात पुढं करण्याची किंमत ही सगळी, आणि ती मी एकटीनं भरली नाही. हे लिहून ठेवते, म्हणजे कोणी मला शूर म्हणणार नाही. नकार द्यायला मला धैर्य लागलं नाही. थकवा पुरला.

पण त्यानंतर मी एक करते. जिथं कामाला जाते तिथं कोणी म्हणालं, बाई, इथली ही रीत आहे, हा नियम आहे, की मी विचारते, "हा कोणाकोणाले हाय?" नावं विचारते. जो सांगतो त्याला स्वतःला लागू आहे का, तेही विचारते. उत्तर मिळेपर्यंत मी काम सुरू करत नाही. लोक चिडतात. जिनिंगातून मला याच कारणानं काढलं, नंतर एका दवाखान्यातूनही. आता आहे ते कामही जाईल, लक्षणं दिसतायत.

जाऊ दे. दुसरं शोधीन, आणि तिथंही पहिल्याच दिवशी विचारीन.