विषय : प्रेशर वॉशरने गाडी धुतल्याबाबत

आमच्या गाडीची कागदपत्रे निर्दोष होती, हे मी सुरुवातीसच नमूद करून ठेवतो.

बसवकल्याणच्या तहसील कचेरीसमोर मी गेली अठ्ठावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहून देतो. (लोक मला वकीलसाहेब म्हणतात. मी दुरुस्ती सुचवीत नाही.) माझे शालेय शिक्षण नववीत थांबले, कारण त्यापुढे मला शिकवण्यासारखे शाळेजवळ फारसे काही उरले नव्हते, परंतु मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत मी कोणत्याही अधिकाऱ्यास अत्यंत आदरपूर्वक घाबरवू शकतो. अशा माणसाने जुनी गाडी विकत घेताना काय तपासले असेल? नोंदणीपत्र, विमा, हस्तांतरणाचा नमुना, ना-हरकत दाखला. प्रत्येक शिक्का मी भिंगाखाली धरला. गाडी व्यापाऱ्याच्या अंगणात उभी होती. तिच्याकडेही जाता जाता एकदा पाहिले. कागदावर रंग पांढरा होता. गाडीही पांढरी होती. सबब, व्यवहार पूर्ण झाला.

गाडी घेण्याचे मूळ कारण म्हणजे माझी पत्नी महादेवी. तिचे माहेर मादन हिप्परगा. दर दसऱ्याला सोने म्हणून बन्नीची, म्हणजे शमीची, पाने द्यायला आम्ही तिथे जातो, आणि बावीस वर्षे बसने गेलो. दारात पाय ठेवताच तिची वहिनी पाण्याचा तांब्या पुढे करते आणि विचारते, "जागा भेटली का उभ्यानंच आलाव?" आवाज गोड असतो, हरकत घेण्याजोगा एकही शब्द नसतो, परंतु तो प्रश्न पाण्याच्या घोटाबरोबर गिळताना महादेवीला मी बावीस वेळा पाहिले आहे. यंदा तिने मला एवढेच सांगितले की, माहेरच्या दारात आपल्या गाडीतून उतरायचे आहे, आणि गाडी लखलखीत पाहिजे. संसारात तिने आपणहून मागितलेली ही बहुधा तिसरी गोष्ट. (पहिल्या दोन अद्याप विचाराधीन आहेत!)

बादलीने आणि फडक्याने गाडी लखलखीत होत नाही, हे मी दोन रविवारी सिद्ध केले. तेव्हा घर आणि गाडी दोन्ही धुणारे, खिशाला परवडणारे एक प्रेशर वॉशर घ्यायचे ठरले. मी रीतसर तीन दुकानांकडून लेखी दर मागवले. पहिला दुकानदार हसला. दुसऱ्याने दर तोंडी सांगितला, तो अर्थातच ग्राह्य धरता येईना. तिसऱ्याने कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे लिहून दिला, म्हणून तो पात्र ठरला.

"गाडी एकच हाय न्हवं, साहेब?" तो म्हणाला. "मग हे बारकं घेऊन जावा. शंभर बारचं. तेवढं लई झालं."

शेजारीच दीडशे बारचे यंत्र होते आणि किमतीत फरक किरकोळ होता. ज्याने सारी हयात अधिकाऱ्यांच्या दाबाखाली काढली, त्याला थोड्याशा जादा पैशात पन्नास बार दाब स्वतःच्या हातात मिळत असेल, तर तो काय करील? मी दीडशेचे घेतले.

"पन लांबून मारायचं बरं का," दुकानदार म्हणाला. मी विचारले, हे लेखी कुठे आहे? त्याने खोक्याकडे बोट दाखवले.

घरी येऊन मी खोके उघडले. हमीपत्र तीनदा वाचून त्यातल्या सातव्या कलमात दोन त्रुटी काढल्या. वापराची पुस्तिका मात्र निव्वळ चित्रांची निघाली. एक माणूस, एक गाडी, मध्ये एक लांबलचक बाण. खाली गाडीला चिकटून उभा असलेला दुसरा माणूस आणि त्याच्यावर फुली. एक अक्षर असेल तर शपथ! चित्र म्हणजे दस्तऐवज नव्हे. मी पुस्तिका परत खोक्यात ठेवली.

खंडेनवमीला वाहने धुऊन पुजायची असतात. सकाळीच मी यंत्र टाकीला जोडले. आधी पायऱ्यांवर धार मारली, शेवाळ गेले. मग आवारभिंतीवर मारली. शेवाळ गेले, त्यापाठोपाठ चुनाही गेला. महादेवी दारातून म्हणाली, "अवो, भिंत कामून सोलायलाव?" मी तिला समजावले की, भिंतीलाही वर्षातून एकदा मोकळा श्वास लागतो. एवढे सांगून मी सर्वांत टोकदार तोटी बसवली, गाडीपासून वीतभर अंतरावर पाय रोवले आणि खटका दाबला.

चिखल तत्क्षणी गेला. चिखलामागून रंग निघू लागला, उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसा, सलग आणि विनातक्रार. साल पडली तिथे खालून निळी कन्नड अक्षरे वर आली.

महादेवी पूजेचे ताट घेऊन बाहेर आली होती. तिचे शिक्षण कन्नड शाळेतले. तिने गाडीच्या दारावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचायला घेतले, अर्ध्यावर थांबली, बोट काढून घेतले, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "ही जनावराच्या डाक्टरची गाडी हाय."

गाडी पूर्वी कुठल्याशा दूधसंस्थेचा फिरता पशुदवाखाना होती, आणि व्यापाऱ्याने जुनी अक्षरे न काढता त्यांवरूनच पांढरा रंग ओढला होता. अक्षरे काढून टाकावीत म्हणून मी धार आणखी जवळ नेली. अक्षरे घट्ट होती. आजूबाजूचा उरलेला रंग तेवढा गेला, आणि मजकूर आता चौकातूनही वाचता येऊ लागला. निदान दुसरी बाजू शाबूत असेल, म्हणून तिकडे "थोडीशीच" धार मारून पाहिली. तिकडे तोच मजकूर शुद्ध मराठीत होता : फिरता पशुदवाखाना, आपल्या गोठ्यापर्यंत. (सीमाभागातल्या दोन्ही भाषिकांची इतकी काळजी सरकारनेही कधी घेतलेली नाही!) पुढच्या बॉनेटला मी हात लावणार नव्हतो, परंतु पाइप वळला. बॉनेटवर एक म्हैस निघाली. प्रसन्न मुद्रेची.

रंगाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "ब्रश पूजेला मांडल्यात, अण्णा. उद्या सोनं वाटल्याबगर उचलत न्हाई." याला कोणत्याही कायद्यात उत्तर नाही.

मी पूर्ण विचारांती बस सुचवली. महादेवी बराच वेळ गाडीकडे पाहत राहिली. एवढा वेळ तिने माझ्याकडे पाहिले असते, तर मी काही तरी कबूल केले असते. मग म्हणाली, "बसनं मी येत न्हाई. म्हशीची का असंना, गाडी आपली हाय." आणि तिने बॉनेटवर हळदकुंकू वाहिले. नेमके म्हशीच्या कपाळावर; दुसरी सोयीची जागाच नव्हती.

दसऱ्याला सकाळी निघालो. वाटेत दोन शेतकऱ्यांनी हात करून गाडी थांबवली, एकाच्या बैलाचा पाय सुजला होता. मी गंभीरपणे मान हलवून पुढे निघालो. मादन हिप्परग्यात शिरलो, तेव्हा मागून दहा-बारा माणसे चालत येत होती. वहिनी तांब्या घेऊन दारात आली, म्हशीकडे पाहिले, आणि तिचा नेहमीचा प्रश्न ओठातच राहिला.

"कुनाची म्हनायची ही गाडी?" तिने विचारले.

"आपलीच की, वैनी," महादेवी उतरत म्हणाली. तिने पदर सावरला. मागे जमलेल्या माणसांपैकी एकजण जरी हसला असता, तर गिळलेल्या त्या बावीस घोटांत तेविसाव्याची भर पडली असती.

कोणी हसले नाही. उलट एक म्हातारा शेळीला दोरीने ओढत थेट माझ्यापुढे आला. "दोन दिस झालं, हिनं तोंडात पाला घेतला न्हाई, डाक्टरसाब."

मी डॉक्टर नाही, हे सांगणे माझे कर्तव्य होते. परंतु मी महादेवीकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत होती, आणि वहिनी आम्हा दोघांकडे. मी खोटे बोललो नाही. फक्त ओट्यावर बसलो, पेन काढला आणि जे येते ते केले : तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे सविनय अर्ज लिहिला. अर्जदाराचे नाव, शेळीचे वय, वर्ण, डाव्या कानावरची खूण, उपोषणाचा कालावधी. सगळे गाव श्वास रोखून उभे. अर्ज म्हाताऱ्याच्या हाती दिला आणि अंगठ्यासाठी शाई शोधू लागलो.

तेवढ्यात शेळीने मान लांबवली आणि अर्ज खाल्ला. विषयापासून "आपला विश्वासू"पर्यंत सगळा. मग शेजारच्या बाईच्या हातातली बन्नीची पानेही ओढली.

"खायलीय की," म्हातारा म्हणाला, आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागला. वहिनीने तांब्या खाली ठेवला, आतून खुर्ची आणली, पदराने पुसली आणि महादेवीला तिच्यावर बसवले. महादेवी दिवसभर त्या खुर्चीतून उठली नाही.

अठ्ठावीस वर्षांत मी हजारो अर्ज लिहिले. सादर होताक्षणी ज्याचा परिणाम दिसून आला, असा तो एकमेव. खेदाची बाब एवढीच की, त्याची नक्कल मी ठेवलेली नाही.