दोनदा सांगणाऱ्या बाई

बसस्थानकावर घोषणा करणाऱ्या बाईंना बावीस वर्षांत एका गोष्टीचा छडा काही लागला नव्हता. "गाडी फलाट चारवर लागली आहे," असं त्या माइकवरून खणखणीत सांगायच्या. नियमाप्रमाणे तेच दुसऱ्यांदा सांगायच्या. आणि माइक बंद करतात न करतात तोच त्यांच्याच चौकशीच्या खिडकीत एखादा चेहरा उगवायचा.

"बाई, गाडी कुठे लागलीय हो?"

सुरुवातीची वर्षं बाईंचं डोकं फिरायचं. एवढा घसा फोडून सांगितलं ते काय भिंतींना? मग राग ओसरला आणि कुतूहल मागे लागलं. घोषणेनंतर कोण विचारायला आलं, कुठे निघालं होतं, याच्या रेघा त्या वहीत ओढू लागल्या. अशा अकरा वह्या भरल्या. दवाखान्यात निघालेले आणि पहिल्यांदाच एकटे निघालेले हमखास विचारत. पण का, ते वहीतून कळेना.

लेकीने एकदा त्या वह्या चाळल्या. "आई, याला संशोधन म्हणतात. जनसंवादात पीएच.डी. कर तू."

"या वयात? लोक हसतील."

"हसू देत. आपणही हसू."

लेकीने लगेच प्रवेशाच्या अटी वाचून दाखवल्या. पदव्युत्तर पदवीला पंचावन्न टक्के हवेत. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात अभ्यास करून बाईंनी छप्पन्न मिळवले होते. पुढे प्रवेश परीक्षा होती. ती त्या पास झाल्या तेव्हा घरात कुणाचाच विश्वास बसेना, त्यांचा तर मुळीच नाही. संशोधनाचा आराखडा वह्यांमधून आपसूक निघाला. घोडं अडलं ते शेवटच्या अटीपाशी: प्रसारमाध्यमातला पाच वर्षांचा अनुभव.

"बसस्थानक हे काही माध्यम नव्हे, बाई," अर्ज घेणारा कारकून म्हणाला.

"का नव्हे? रोज हजारो माणसं माझं ऐकतात. नुसतं ऐकत नाहीत, सामान उचलून धावत सुटतात. पेपर वाचून कुणी धावतं का?"

कारकुनाने हात टेकले. अर्जावर 'समितीने ठरवावे' असं लिहून त्याने तो पुढे सरकवला. सगळं आता मुलाखतीवर आलं.

मुलाखतीच्या खोलीत तीन प्राध्यापक बसले होते. "तुमचा विषय एका वाक्यात सांगा," विभागप्रमुख म्हणाले.

"घोषणा ऐकूनही माणूस पुन्हा का विचारतो, हा माझा विषय आहे." बाई क्षणभर थांबल्या, आणि त्याच सुरात पुन्हा म्हणाल्या, "घोषणा ऐकूनही माणूस पुन्हा का विचारतो, हा माझा विषय आहे."

मग त्यांनी जीभ चावली. कोपऱ्यातल्या प्राध्यापिकेला हसू आवरेना.

"सवय हो, सर. पहिल्या वेळी लोक पिशव्या आवरत असतात."

"बरं, मग का विचारतो माणूस?"

"ते कळलं असतं तर अर्ज कशाला केला असता?"

आता तिघंही मोकळेपणाने हसले. "अनुभवाचं आम्ही बघतो. बाहेर थांबा," विभागप्रमुख म्हणाले.

व्हरांड्यात नऊ उमेदवार ताटकळले होते. तासाभराने कारकून यादी घेऊन आला आणि त्याने निवड झालेल्या अर्जांचे क्रमांक मोठ्याने वाचले. "सात. अठरा." आणि तो आपल्या खिडकीमागे जाऊन बसला.

बाईंच्या चिठ्ठीवर अठराच होतं. सोबत आलेल्या लेकीने त्यांना कडकडून मिठी मारली. बाईंनी स्पष्ट ऐकलं होतं, त्यांचे कान चांगले शाबूत होते. तरीही त्यांचे पाय थेट खिडकीकडे वळले.

"भाऊ, अठरा म्हणालात ना?"

"अहो बाई, आत्ताच तर वाचलं!"

"ऐकलं मी. पण तुम्ही मला सांगा."

बोलल्याबरोबर त्या थबकल्या. बावीस वर्षं खिडकीत उगवलेले ते सगळे चेहरे त्यांना आठवले. ऐकू कुणालाच कमी येत नव्हतं. एवढी मोठी गोष्ट आपल्याकडे बघून कुणीतरी सांगावी, एवढंच तर हवं होतं त्यांना. बाईंचे डोळे भरून आले, आणि हसूही फुटलं.

कारकुनाने चष्मा वर केला, त्यांच्याकडे पाहिलं. "अठरा. तुमची निवड झाली आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, अगदी बसस्थानकावरच्या घोषणेच्या सुरात, त्याने तेच पुन्हा सांगितलं.

बाईंनी पिशवीतून कोरी बारावी वही काढली आणि पहिली रेघ स्वतःची ओढली.